परिचारिका सुईण होते तेव्हां



सरकारी रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या एखाद्या परिचारिकेचें नोंदणीपत्र उघडून पाहिलें, तर त्यांत एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आढळते. त्या कागदावर तिला बहुधा एक पदवी दिलेली नसते. दोन दिलेल्या असतात. ती नोंदणीकृत परिचारिका असते, आणि नोंदणीकृत सुईणही असते. तीन-साडेतीन वर्षांच्या शिक्षणांत तिनें नेमलेलीं बाळंतपणें केलेलीं असतात, त्यांची नोंदवही भरलेली असते, परीक्षाही दिलेली असते. अशा बाईनें दहा वर्षें नोकरी झाल्यावर, पदरीं संसार आणि शाळेंत जाणारीं मुलें असतांना, पुन्हा अठरा महिने सुईणपण शिकावयास परगांवीं जावें, हें ऐकणारास चमत्कारिक वाटतें. शेजारीण विचारते, “अहो सिस्टर, इतकीं वर्षें बाळंतपणेंच तर करीत होतां ना?” प्रश्न सरळ आहे, उत्तर तितकें सरळ नाहीं. आजच्या भाषणाचा विषय तेंच उत्तर होय. सुईण हा शब्द शहरांतील घरांतून आतां फारसा ऐकूं येत नाहीं, तेथें सगळ्याच ‘सिस्टर’ झाल्या आहेत. परंतु ह्या कामाला मराठींत त्याहून नेमका शब्द नाहीं, म्हणून येथें तोच वापरला आहे.

परिचारिकेच्या रोजच्या कामाचें रूप प्रथम पाहूं. मोठ्या रुग्णालयांत तिची नेमणूक एका जागीं फार दिवस टिकत नाहीं. कांहीं महिने प्रसूतिकक्ष, मग शस्त्रक्रियागृह, मग मुलांचा कक्ष, मग अपघाताचा, असें चक्र फिरत असतें. प्रसूतिकक्षांत ती येते तेव्हां तेथें काय दिसतें? एका रांगेंत लोखंडी टेबलें, त्यांवर उताण्या निजलेल्या स्त्रिया; सलाइन लावावयाचें, इंजेक्शन भरून ठेवावयाचें, डॉक्टरांना निरोप धाडावयाचा, कागद लिहावयाचे. एकीपाशीं उभें राहावें तों दुसरी हांक मारते. मूल तिच्या हातांवर जन्मतें खरें, परंतु त्या बाळंतपणाचा विचार दुसऱ्या कोणीं तरी केलेला असतो. सांगितलेलें काम सांगितल्या वेळीं बिनचूक करणें हा परिचर्येचा धर्मच आहे, आणि तो कमी प्रतीचा धर्म नव्हे. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीं जी परिचारिका स्वतःच्या मतानें वागूं लागेल, ती रोग्यास धोक्यांत घालील. परंतु रोग्याच्या सेवेंत तयार झालेला हात निरोगी माणसापाशीं अडखळतो. आजारांत कांहीं तरी करावें लागतें. बाळंतपणांत बहुतेक वेळां कांहीं न करितां, पण डोळ्यांत तेल घालून, जवळ बसावें लागतें. हा फरक लिहावयास एक ओळ पुरते. हातांत उतरावयास अठरा महिनेही कधीं कधीं थोडे पडतात.

हा भेद आजच कोणास सुचला असें नाहीं. परिचर्येच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं सन १८६२ च्या सुमारास लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयांत खेड्यांतील सुईणींसाठीं एक शिक्षणवर्ग सुरू करविला होता. हेतु चांगला, शिस्त कडक, आणि तरीही सूतिकाज्वरानें बाळंतिणी दगावूं लागल्या. १८६७ मध्यें तो वर्ग बंद करावा लागला. दुसरा कोणी असता तर झालें तें विसरून गेला असता. नाइटिंगेल बाईंनीं मात्र निरनिराळ्या प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आंकडे गोळा केले, आणि १८७१ मध्यें त्यांवर एक पुस्तक लिहिलें. बाळंतीण ही रोगी नव्हे, तिला रोग्यांच्या गर्दींत ठेवणें हेंच तिच्या जिवावर बेततें, हें त्या पुस्तकाचें सार म्हणतां येईल. ज्या बाईनें जगाला रोग्याची शुश्रूषा शिकविली, तिलाच सुईणीचें काम शुश्रूषेहून वेगळें आहे असें सांगावें लागलें, हें विशेष आहे. पुढें इंग्लंडांत १९०२ च्या कायद्यानें सुईणींची नोंदणी व शिक्षण ह्यांची स्वतंत्र व्यवस्था झाली, आणि सुईण हा तेथें निराळा व्यवसाय म्हणून उभा राहिला.

भारतांत वाट निराळी पडली. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर १९०९ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सेवासदनानें, रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखालीं, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयांतील परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखविली. त्या काळीं घराबाहेर पडून परक्याचें मलमूत्र व रक्त हाताळणें म्हणजे काय दिव्य होतें, ह्याची आज कल्पनाही करवत नाहीं. १९४७ मध्यें भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. परंतु परिचारिका आणि सुईण हीं दोन नांवें एकाच शिक्षणांत, एकाच कागदावर गुंफलीं गेलीं, आणि हळूहळू पहिल्या नांवानें दुसऱ्याला झांकून टाकलें. खेड्यांतील ‘नर्सबाई’ची कथाही तशीच. तिला नेमलें होतें मुख्यतः बाळंतपणासाठीं. १९७३ मध्यें कर्तारसिंग समितीनें एकाच कर्मचाऱ्याकडून अनेक कामें घेण्याची शिफारस केली, आणि मग लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवतापाच्या गोळ्या व नोंदवह्या ह्यांच्या ओझ्याखालीं बाळंतपण दडपलें गेलें.

इकडे घरचें बाळंतपण रुग्णालयांत येत होतें. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभर बाळंतपणांपैकीं सुमारें २६ दवाखान्यांत होत. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा ८९ च्या घरांत गेला, आणि महाराष्ट्रांत जवळजवळ ९५ वर. ही मोठीच मजल आहे, आणि तिनें पुष्कळ जीव वांचविले. परंतु त्याच पाहणींत देशांत पोट कापून झालेलीं बाळंतपणें शेंकडा २१.५ व महाराष्ट्रांत २५.४ निघालीं, आणि खासगी रुग्णालयांपुरतें पाहिलें तर देशांत शेंकडा ४७.४, म्हणजे जवळजवळ निम्मीं. इतक्या स्त्रियांना शस्त्रक्रियेची गरज असेल असें कोणीही जाणता वैद्य म्हणणार नाहीं. दवाखान्यांची दारें उघडलीं. पण कळा देणाऱ्या स्त्रीजवळ धीरानें बसणारें माणूस आंत नव्हतें.

हें माणूस कोठून आणावयाचें? तेलंगण सरकारनें २०१७ मध्यें हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या व युनिसेफच्या साहाय्यानें नोकरींत असलेल्या परिचारिकांनाच हें शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढें डिसेंबर २०१८ मध्यें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें सर्व देशासाठीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. प्रसूतिकक्षांत काम केलेल्या नोंदणीकृत परिचारिकेनें अठरा महिन्यांचें शिक्षण घ्यावें, तिला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असें म्हणावें, आणि मोठ्या रुग्णालयांत सुईणींनीं चालवावयाचा निराळा कक्ष असावा, जेथून अडचण पडतांच शस्त्रक्रियागृह हाकेच्या अंतरावर राहील, अशी ही योजना आहे. पदवीचें नांव लांबलचक आहे खरें. खेड्यांतील गर्भवती तें कधींच उच्चारणार नाहीं, आणि त्यानें कांहीं बिघडतही नाहीं.

आतां शिकावयाचें काय, तें पाहूं. पहिल्या दिवसांत अनुभवी परिचारिकेस जो धक्का बसतो तो नव्या ज्ञानाचा नसतो. जुनी संवय सोडण्याचा असतो. तिचा हात कात्रीकडे जातो. पहिलटकरणीचें मूल बाहेर येतांना योनिमुखाशीं छेद द्यावयाचाच, नाहीं तर फाटेल, हें तिच्या बोटांत मुरलेलें असतें. येथें तिला सांगतात, कात्री ताटांत राहूं दे. ऊन पाण्याच्या घडीनें शेक दे, मुलाचें डोकें एकदम बाहेर येऊं न देतां हातानें आधार दे, बाईला जोर थांबवून लहान लहान श्वास घ्यावयास सांग. सरसकट छेद देऊं नये असें जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे. वाक्य वाचणें सोपें. पण मागें उभ्या असलेल्या शिक्षिकेच्या देखत, डोकें दिसत असतांना, हात आवरून धरणें ही कसोटी असते. पोटावर वरून दाब देऊन मूल ढकलण्याची चाल अजूनही कांहीं ठिकाणीं दिसते. तीही येथें वर्ज्य.

दुसरी संवय घाईची. पूर्वीच्या तक्त्यांत गर्भाशयाचें मुख चार सेंटिमीटर उघडलें कीं मुख्य कळांचा काळ सुरू झाला असें धरीत, आणि पुढें तासाला एक सेंटिमीटर अशी अपेक्षा ठेवीत. कोणी मागें पडली कीं कळा वाढविणारें औषध सुरू. आतां चारच्या जागीं पांच सेंटिमीटर धरावे, आणि तासाला एकाचा नियम प्रत्येकीस लावूं नये, असें ठरलें आहे. २०२० पासून त्या समजुतीवर आधारलेला नवा तक्ता निघाला आहे. एका सेंटिमीटरचा हा फरक क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या स्त्रीची प्रकृति मंदगतीची आहे, मूल ठीक आहे, नाडी ठीक आहे, तिला ह्या एका सेंटिमीटरपायीं सलाइन, औषध, आणि त्यामागोमाग शस्त्रक्रिया भोगावी लागत असे.

तिसरी गोष्ट आसनाची. रुग्णालयांतील टेबल हें वैद्याच्या सोयीसाठीं केलेलें आहे, बाळंतिणीच्या नव्हे. शिकाऊ सुईणीस आतां जमिनीवर चटई पसरावी लागते, स्त्रीला चालूं द्यावें लागतें, कुशीवर, गुडघ्यांवर, उकिडवें, जसें तिला सोसेल तसें राहूं द्यावें लागतें, आणि स्वतः खालीं वाकून, पाठ मोडेतों बसून, तिच्या सोयीनें आपली सोय करावी लागते. खेड्यांतील म्हाताऱ्या दाया हेंच करीत. खांबाला धरून उकिडवी बसलेली बाळंतीण त्यांना नवी नव्हती. त्यांच्या अस्वच्छतेचें समर्थन कोणी करणार नाहीं. धनुर्वातानें कितीतरी अर्भकें गेलीं, आणि आई व बालक ह्यांचा हा रोग देशांतून हटला असें जाहीर होण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. परंतु विळा फेंकतांना त्या बायांचें शहाणपणही फेंकून दिलें गेलें, आणि आतां तें जाड ग्रंथांतून परत शिकावें लागत आहे.

चौथी गोष्ट जिभेची आहे, आणि ती सर्वांत अवघड असावी. गर्दीच्या कक्षांत ओरडून बोलण्याची संवय लागते. “ओरडूं नकोस”, “पाय पसर”, “आधीं कळलें नव्हतें का?” असे शब्द कोणाचें वाईट चिंतून निघत नाहींत, थकव्यांतून निघतात. पण ज्या बाईला ते ऐकावे लागतात, ती जन्मभर विसरत नाहीं. नव्या शिक्षणांत आंतून तपासण्यापूर्वीं विचारावें लागतें, कां तपासावयाचें तें सांगावें लागतें, आणि ती ‘थांबा’ म्हणाली तर थांबावें लागतें. बरोबर आई, सासू किंवा नवरा कोणी तरी राहूं द्यावा लागतो. “ए बाई” म्हणणारी सिस्टर “ताई, कळ जाऊं द्या, मग पाहूं” म्हणूं लागते, तेव्हां पुष्कळसें शिक्षण झालें असें समजावयास हरकत नाहीं. जन्मतांच मूल आईच्या उघड्या छातीवर ठेवणें, नाळ निदान एक मिनिटपर्यंत न बांधणें, पहिल्या तासांत अंगावर पाजणें, हीं कामें मग ओघानेंच येतात.

परंतु स्वस्थ बसणें म्हणजे बेफिकीर बसणें नव्हे. येथेंच सुईण आणि नुसती दयाळू बाई ह्यांच्यांत अंतर पडतें. बाळंतपणांतील संकट पूर्वसूचना देऊनच येईल असा नियम नाहीं. वार पडल्यावर गर्भाशय सैल राहिलें तर अर्धा लिटर रक्त पाहतां पाहतां जातें, आणि कपड्यांत, चटईंत मुरलेलें रक्त डोळ्यांना नेहमीं कमीच दिसतें. म्हणून तें मोजावयास शिकवितात. मूल जन्मतांच ऑक्सिटोसिनचीं दहा एककें द्यावयाचीं, गर्भाशय चोळावयाचें, मूत्राशय रिकामें आहे का पाहावयाचें, मदत बोलवावयाची, हा क्रम पुतळ्यावर पुनःपुन्हा गिरवून घेतात, घड्याळ लावून. डोकें बाहेर आलें आणि खांदा अडकला, बाईला झटके आले, मूल रडलें नाहीं, ह्या प्रत्येक प्रसंगाची अशीच तालीम असते. येथें जुन्या परिचारिकेचा हात उपयोगीं पडतो. रक्त जाऊन गळालेल्या स्त्रीची शीर पहिल्या टोंचणींत सांपडणें, मॅग्नेशियम सल्फेटची मात्रा न चुकतां भरणें, चार माणसांच्या गोंधळांत आवाज न चढवितां काम वांटणें, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. दहा वर्षें फुकट गेलेलीं नसतात.

नवें असतें तें निर्णयाचें ओझें. आजवर ‘डॉक्टरांना कळविलें’ एवढें लिहून तिची जबाबदारी संपत असे. आतां केव्हां कळवावयाचें, हें तिनेंच ठरवावयाचें असतें. लवकर कळविलें तर निष्कारण शस्त्रक्रियेचा धोका. उशिरां कळविलें तर दोन जीव. मुलाच्या हृदयाचे ठोके कळ ओसरल्यावरही मंद राहतात का, पाण्याला हिरवट रंग आहे का, बाईचा रक्तदाब चढतो आहे का, ह्या खुणा पुस्तकांत स्पष्ट असतात. रात्रीं तीन वाजतां अस्पष्ट होतात. कोणती स्त्री आपली नव्हे, तिला वेळेवर वैद्याच्या स्वाधीन केली पाहिजे, हें ज्या सुईणीला ओळखतां येतें तिच्यावरच वैद्यही विश्वास टाकतात. पुष्कळ वैद्यांना आपल्या अधिकारावर हें आक्रमण वाटतें, ही गोष्ट लपविण्यासारखी नाहीं. परंतु ज्या ठिकाणीं दोघे एका तक्त्यावर लिहितात, तेथें सरळ बाळंतपणांचा भार हलका होऊन वैद्याला अडलेल्या बाईकडे पाहावयास सवड मिळते. मग तक्रार आपोआप निवळते.

ह्या शिक्षणाची किंमत घरालाही मोजावी लागते. पस्तिशी-चाळिशीची बाई वसतिगृहांत राहते, तिच्याहून वयानें लहान असलेली शिक्षिका तिची चूक चारचौघींत दाखविते, इंग्रजी ग्रंथ रात्रीं उघडावे लागतात. कालपर्यंत कक्षाची मुख्य असलेली सिस्टर पुन्हा वहीपेन घेऊन बांकावर बसते. घरीं मुलाची परीक्षा असते, सासूबाईंचें दुखणें असतें, आणि नवऱ्याला पोळ्या लाटतां येत नाहींत. तिच्याबरोबरच्या मैत्रिणी ज्येष्ठतेनें पुढें जातील कीं काय, ही चिंताही असते. परिचारिकेनें त्याग करावा असें व्याख्यान देणें सोपें आहे. तिच्या मुलांना त्या अठरा महिन्यांत कोण जेवूं घालतें, ही चौकशी करणारे थोडे.

आणि एवढें करून ती परत येते तेव्हां तिला कोठें बसवितात, ह्यावर सारें अवलंबून आहे. रुग्णालयांत मनुष्यबळ नेहमींच अपुरें. शिकून आलेली बाई हुशार, म्हणून तिलाच अतिदक्षता कक्षांत धाडण्याचा मोह होतो. नाहीं तर ठराविक चक्रांत तिचीही पाळी येते आणि ती डोळ्यांच्या कक्षांत औषधाचे थेंब घालीत बसते. अधिकाऱ्याच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे : त्या दिवशीं डोळ्यांच्या कक्षांत खरोखरच कोणी नसतें. परंतु सुईणपण ही हाताची विद्या आहे. पोटावर हात ठेवून मुलाची पाठ कोणत्या बाजूस आहे तें सांगणें, कळेचा जोर बोटांनीं ओळखणें, हें वर्षभर केलें नाहीं तर बोटें विसरतात, आणि कात्रीकडे जाणारी जुनी वाट मात्र लक्षांत राहते. शिवाय नोकरशाहींत पद मंजूर नसेल तर माणूसही नसतें. तिच्यासाठीं वेगळें पद, वेगळी वेतनश्रेणी, वेगळी बढती नसेल, तर कागदावर परिचारिकेच्या शेजारीं आणखी एक पदवी वाढेल, एवढेंच; आणि तशी एक पदवी त्या कागदावर पहिल्यापासूनच होती.

ज्या रुग्णालयांत ही काळजी घेतली जाते, तेथें फरक एका साध्या जागीं दिसतो. प्रसूतिकक्षाच्या दाराशीं कामाच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो. त्यावर इतर परिचारिकांचीं नांवें महिन्या-दोन महिन्यांनीं खडूनें पुसून बदललेलीं असतात. सुईणींच्या रकान्यांतील तीं चार नांवें रंगानें लिहिलेलीं असतात. दुसऱ्या खेपेस आलेली गर्भवती दारांतूनच तीं वाचून घेते, आणि आपली ताई आज दिवसा आहे कीं रात्रीं, एवढें विचारून मग आंत येते.